लुबोर स्कोपालचा तुंबलेला हंडा

चेक देशातल्या दोल्नी लिश्का या गावात माणसाची पत बँकेत नसते, जमिनीत नसते, चर्चमध्ये तर नसतेच. ती बिअरखान्यात, शेगडीजवळच्या लांब टेबलामागच्या भिंतीवर, खुंटीला टांगलेली असते. त्या टेबलावर बसणाऱ्यांचे बिअरचे मग त्यांच्या त्यांच्या डोक्यावरच्या खुंटीला लटकत असतात. बाकीच्या गावाला कपाटातला मग मिळतो. कपाटातल्या मगातली बिअर तीच असते, पिंपही तेच असतं, पण ती पिणारा माणूस तो नसतो.

लुबोर स्कोपाल अकरा वर्षं कपाटातल्या मगातून पीत होता.

याला दोन कारणं होती. एक म्हणजे तो घरजावई. लग्न करून तो सासूबाईंच्या घरात राहायला आला, आणि बाहेरून आलेल्या माणसाला लिश्कात पुरात वाहून आलेल्या ओंडक्याइतकाच मान असतो. कुणी हाकलत नाही, पण कुणी बोलायलाही जात नाही. दुसरं कारण म्हणजे त्याची नोकरी. तो ओलोमोउत्सच्या जमीनमोजणी कचेरीत होता. कुणाचं कुंपण कुणाच्या हद्दीत किती सरकलंय, हे सगळं त्याच्या डोक्यात होतं, आणि गावाला ते ठाऊक होतं. त्यामुळे तो आत शिरला की टेबलावरचं बोलणं हवामानावर यायचं.

अशात म्हातारा पोस्टमन आपला मग घेऊन ब्र्नोला मुलीकडे राहायला गेला आणि एक खुंटी रिकामी झाली.

त्या संध्याकाळी टेबलावर गावच्या अग्निशमन दलाच्या वर्धापनदिनाचा विषय चालला होता. दलाचा कमांडर आम्ब्रोश हा तिथला मुख्य. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. गावात त्याला परमेश्वराच्या जरा खालचं स्थान होतं, पण परमेश्वराकडे बंब नव्हता.

"बिअर कुठली आणायची?" आम्ब्रोशनं विचारलं.

"मी करतो की," शेजारच्या टेबलावरून आवाज आला.

तो आवाज आपलाच आहे हे लुबोरला सगळ्यांच्या माना वळल्यावर कळलं.

"तू? कशापासून?"

"सातूपासून. नुसत्या सातूपासून. ते तयार पाकाचे डबे मिळतात, तसलं नाही."

आजवर त्यानं दोनदाच बिअर केली होती आणि दोन्ही वेळा डब्यातल्या पाकाचीच. दुसऱ्या खेपेच्या बाटल्या तळघरात एकापाठोपाठ एक फुटल्या, तेव्हा सासूबाई पलंगाखाली जाऊन बसल्या होत्या. पण ही माहिती कुणी विचारली नाही, आणि सरकारी नोकर न विचारलेली माहिती देत नाही.

आम्ब्रोशनं रिकाम्या खुंटीकडे पाहिलं. मग लुबोरकडे. मग पुन्हा खुंटीकडे.

"कर," तो म्हणाला. "चांगली झाली तर बघू."

काय बघू, ते बोलायची गरज नव्हती. लुबोरचे कान तापले. त्याच वेळी आम्ब्रोशच्या बाजूला बसलेला हीनेक दोस्ताल, म्हणजे लुबोरचा सख्खा शेजारी आणि गावातला सर्वांत मोठा ससेवाला, मिशीवरचा फेस पुसत एकच शब्द बोलला.

"तुंबेल."

इथं काय तुंबतं ते सांगायला हवं. मोड आणून वाळवलेले सातू भरडायचे आणि गरम पाण्यात तासभर भिजत ठेवायचे, म्हणजे त्यांची साखर पाण्यात उतरते. मग हंड्याची खालची तोटी उघडून तो गोड काढा गाळून घ्यायचा आणि वरून हळूहळू गरम पाणी सोडत चोथ्यातली उरलीसुरली गोडी धुवून काढायची. तळाशी जाळी असते, पण खरी गाळणी ती नव्हे. सातूची टरफलंच एकमेकांवर बसून गाळणी होतात. टरफलं शाबूत असली तर काढा झुळझुळ उतरतो. टरफलांचं पीठ झालं, किंवा घाई करून तोटी सताड उघडली, तर सगळा चोथा जाळीवर घट्ट बसतो, हंड्यात खळ तयार होते आणि जगातली कुठलीही ताकद त्यातून थेंब काढू शकत नाही. त्यानंतर माणूस बिअर करत नाही. तो हंड्याशेजारी उभा राहतो.

हे लिश्कातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. म्हणजे निदान प्रत्येकाला असं वाटत होतं की ते आपल्याला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी बेकरीतल्या बाईनं पाव देता देता विचारलं, "दलाची बिअर तुम्ही करताय म्हणे? तुंबेल हं." पाद्रीबाबांनी सायकल थांबवून सांगितलं, "देवावर भरवसा ठेव, पण भरड जाड ठेव." सासूबाई ओतीलिया, ज्यांनी आयुष्यात बिअर फक्त प्यायली होती, त्या सूप वाढताना म्हणाल्या, "लुबोर, तुझ्या सासऱ्यांचं नेहमी तुंबायचं."

"बिअर ना, आई?" मिलादानं, म्हणजे लुबोरच्या बायकोनं, विचारलं.

"तीसुद्धा," सासूबाई म्हणाल्या.

मग कस्टमची कचेरी. घरी बिअर करायला बंदी नाही, पण आधी कळवावं लागतं. लुबोर स्वतः खिडकीच्या आत बसणारा माणूस. खिडकीबाहेर उभं राहायची ही त्याची पहिलीच वेळ. आपण लोकांशी कसे वागतो हे त्याला तिथं उमगलं आणि तो मनातून थोडा वरमला.

"कुणासाठी करताय?" खिडकीमागच्या बाईंनी विचारलं.

"घरच्यांसाठी. आणि पाहुण्यांसाठी."

"पाहुणे किती?"

"अग्निशमन दल."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "अख्खं?"

"सगळे एकदम येतात ते. सवय आहे त्यांना तशी."

"विकणार नाही ना?"

"नाही हो. इज्जतीचा प्रश्न आहे."

बाईंनी शिक्का मारला, कागद खिडकीखालून सरकवला आणि लुबोर वळला तेव्हा मागून म्हणाल्या, "भरड जाड ठेवा बरं का. आमच्या ह्यांचं दर वेळी तुंबतं."

आता कुठल्याही स्वाभिमानी माणसाला इतक्या लोकांनी एकच गोष्ट सांगितली, तर तो काय करेल? लुबोरनं तेच केलं. त्यानं ऐकलं नाही.

भरडायची चक्की त्यानं दोस्तालकडून आणली. सशांचं खाणं दळायची. बदल्यात सगळा चोथा दोस्तालच्या सशांना द्यायचा, असं ठरलं. चक्कीला एक दांडा होता आणि दांड्याला तीन खुणा: वर डुकराचं चित्र, मध्ये सशाचं, खाली कोंबडीच्या पिल्लाचं.

"डुकरावर ठेव," दोस्ताल म्हणाला. "फार तर सशावर. पिल्लावर आणलास तर मेलास."

रविवारी सकाळी मिलादा आणि सासूबाई चर्चला गेल्या. तिथून त्या मावशीकडे जेवायला जाणार होत्या. घर रिकामं झालं. अंगणातल्या उन्हाळी स्वयंपाकघरात लुबोरनं चूल पेटवली, डुक्कर कापतात त्या दिवशीचा मोठा हंडा मांडला आणि चक्कीसमोर उभा राहून विचार करू लागला. विचार करणं हा त्याचा व्यवसाय होता आणि दोष पण. तो असा विचार करू लागला: दाणा जितका बारीक, तितकी साखर लवकर सुटणार. साखर जास्त, तितकी बिअर कडक. बिअर कडक, तितका आम्ब्रोश खूश. हे साधं गणित आहे. गावातले लोक डुकराच्या खुणेवर का अडले आहेत? कारण गाव डुकरापलीकडे विचार करत नाही.

त्यानं दांडा पिल्लावर आणला.

चक्कीतून धुकं बाहेर पडलं. धुकं खाली बसल्यावर लुबोरच्या पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या आणि घमेल्यात मैदा होता. उत्तम मैदा. त्याचा केक झाला असता. आणि त्याच्या शेजारी, नुसत्या सातूची बढाई विसरून, आम्ब्रोशला ढगाळ बिअर आवडते म्हणून आणलेल्या गव्हाचं पोतं होतं. गव्हाला टरफल नसतंच. म्हणजे ज्या एका वस्तूवर सगळा खेळ उभा होता, ती टरफलं, ती अर्ध्या मालात मुळात नव्हती आणि उरलेल्या अर्ध्यात त्यानं स्वतःच्या हातानं संपवली होती.

सगळा सातू दळून झाला होता. दुसरा आणायला दुकान उघडं नव्हतं. आणि आजच बिअर लावली नाही, तर समारंभापर्यंत ती तयार होणार नव्हती.

फोनवर त्यानं शोधलं. बिअर करणारे अशा वेळी वरून टरफलं घालतात, हे त्याला कळलं. भाताची तुसं घालावीत, असं एका अमेरिकन माणसानं लिहिलं होतं. भाताची तुसं दोल्नी लिश्कात कुठून येणार? तिथं कुणाच्या घरी भात शिजला तर लोक विचारतात, कोण आजारी आहे. दुसऱ्या कुणीतरी लिहिलं होतं की जुन्या जातीच्या गव्हाची, स्पेल्टची, टरफलं चालतात. हलकी, पोकळ, कडक. उत्तम गाळणी.

लुबोरनं निराश होऊन वर पाहिलं. आणि त्याला सासूबाईंची उशी दिसली.

ती रोजच्यासारखी खिडकीत उन्हाला टाकली होती. ती स्पेल्टच्या टरफलांची होती, हे घरात सगळ्यांना पाठ होतं, कारण त्या उशीवाचून सासूबाईंची मान आखडते आणि मान आखडली की घर आखडतं. नऊ वर्षांपूर्वी सासऱ्यांनी, कैलासवासी रुडोल्फांनी, स्वतःच्या शेतातली टरफलं पाखडून, निवडून, स्वतःच्या हातानं शिवून ती त्यांना दिली होती. त्यानंतर सहा महिन्यांत ते गेले. घरात त्यांची दुसरी आठवण म्हणजे एक टोपी, आणि ती मांजरानं घेतली होती.

माणूस एका क्षणात हरामखोर होत नाही. लुबोरही झाला नाही. आधी तो फक्त खिडकीपाशी गेला. मग त्यानं उशी फक्त हलवून पाहिली. ती खुळखुळली. मग त्यानं एका कोपऱ्याची शिवण फक्त दोन बोटं उसवली, की मूठभर घ्यावं, आईंना काय कळणार. मूठभर घेतल्यावर असं दिसलं की मूठभरानं काही होत नाही. मग ओंजळभर. ओंजळीनंतर उशीत जे उरलं, त्याला कुणी उशी म्हटलं नसतं, त्यामुळे ते तरी कशाला ठेवायचं?

टरफलं त्यानं चाळणीत धुतली. पहिलं पाणी चहासारखं निघालं. दुसरं पण चहासारखंच, फक्त नकोशा पाहुण्यांना देतात तसल्या पातळ चहासारखं. तिसऱ्या पाण्यानंतर त्यानं बघायचं बंद केलं. काढा पुढे तासभर उकळायचाच असतो, त्यात काहीही जिवंत राहत नाही, असं त्यानं स्वतःला मोठ्यानं सांगितलं. रुडोल्फांचा विषय त्यात कुठे बसतो, ते सांगितलं नाही.

रिकामी खोळ भरायला काहीतरी हवं होतं. कुंपणापलीकडे दोस्तालच्या पडवीत सशांच्या गोळीपेंडीचं पोतं उघडं पडलं होतं. आकार साधारण तोच. आवाज साधारण तोच. लुबोरनं उशी भरली, जाड काळ्या दोऱ्यानं शिवली, पुन्हा खिडकीत टाकली आणि लांबून पाहिली. लांबून ती उशी दिसत होती. जवळून तिला ससेघराचा वास येत होता.

आता मात्र तुंबणं शक्य नव्हतं. इतकं करून तुंबणं हा अन्याय झाला असता, आणि लुबोरचा विश्वास होता की जगात निदान तांत्रिक बाबतीत न्याय आहे. मैदा, गहू आणि टरफलं गरम पाण्यात तासभर भिजली. सुंदर वास सुटला. ताज्या पावाचा, मधाचा आणि मधूनच एक कसला तरी कपाटातल्या धुतल्या चादरींचा. मग त्यानं विजयानं तोटी उघडली. सताड.

काढा जोरात आला. मग बेतानं आला. मग बोटाएवढा, दोऱ्याएवढा. मग तोटीनं एक थेंब टोकाशी आणला, विचार केला आणि परत आत घेतला.

तुंबला.

नऊ वर्षं सासूबाईंचं डोकं ज्यांच्यावर विसावलं होतं, ती टरफलं टरफलं राहिली नव्हती. त्यांचा भुगा झाला होता. लुबोरनं हंड्यात कोंडा ओतला होता, पूजनीय कोंडा, आणि तो मैद्याबरोबर जाळीवर जाऊन सिमेंटसारखा बसला होता.

त्यानं वरून ढवळलं. खालून ठोकलं. तोटी बंद केली, उघडली, तिच्याशी गोड बोलून पाहिलं. शेवटी तोटीला रबरी नळी लावून, गुडघे टेकून, दुसऱ्या टोकातून तो तोंडानं फुंकायला लागला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. आतून एक ढेकर आल्यासारखा आवाज झाला आणि काढ्याची एक गरम चूळ त्याच्या घशात उतरली.

"काय वाजवतोयस?" कुंपणावरून दोस्तालचं डोकं वर आलं.

"काही नाही."

"तुंबलं ना?"

"विश्रांती देतोय त्याला."

"पिल्लावर ठेवलंस." हा प्रश्न नव्हता. "थांब, पंप आणतो."

त्यानं सायकलचा पंप आणला. दोघांनी आळीपाळीनं हवा मारली. चोथ्याच्या मध्यभागी एक बुडबुडा आला, फुटला आणि त्यातून एवढंच सिद्ध झालं की वर हवा आहे. दोस्तालनं कपाळ पुसलं आणि न सांगता निघून गेला. तो सभ्यपणे घरी गेला असेल, असं लुबोरला वाटलं. तो तळ्याकाठी गेला होता. तिथं अग्निशमन दलाचा रविवारचा सराव चालू होता.

थोड्याच वेळात फाटकातून पाइप, शिरस्त्राणं, बूट आणि हातगाडीवरचा पंप घेऊन अख्खं दल आत आलं. लुबोर हंड्यासमोर हात पसरून उभा राहिला. काय लपवायचं आहे हे त्यालाच माहीत होतं, पण ते हंड्यात होतं आणि हंडा मोठा होता.

"आग कुठाय?" आम्ब्रोश गरजला.

"आग नाहीये. आपलं ते…"

"तुंबलंय," दोस्ताल म्हणाला.

आम्ब्रोशनं हंड्यात डोकावून पाहिलं. नाक ओढलं. पुन्हा ओढलं. त्याच्या भुवया वर गेल्या. मागचे दोघं-तिघंही वाकून हुंगून गेले. अंत्यदर्शन घेतात तसे.

"खालून पाणी द्यायचं," आम्ब्रोश म्हणाला. "तोटीतून उलटं. चोथा वर उचलला जातो, मोकळा होतो. माझे आजोबा असंच करायचे."

आणि हे खरंच आहे. तुंबलेल्या हंड्याला हाच उपाय आहे. तोटीतून थोडं गरम पाणी हलकेच आत सोडायचं, की चोथा तरंगतो आणि वाट मोकळी होते. हे काम एका तांब्यानं आणि नळीनं होतं. पण अख्खं दल एवढा सरंजाम घेऊन आल्यावर तांब्यानं काम करा, असं सांगायची कुणाची छाती आहे?

चोथा धुवायला तापवून ठेवलेल्या पाण्यात पंपाची सोंड बुडवली गेली. पाइप तोटीला जोडला गेला.

"कमीत कमी दाब!" आम्ब्रोशनं हुकूम दिला.

कमीत कमी दाबच दिला गेला, यात शंका नाही. पण ज्यानं तो पंप बनवला, त्याच्या नजरेपुढे जळतं कोठार होतं.

हंडा एकदा हुंकारला. चोथ्याचा पृष्ठभाग केकसारखा फुगला. मग एक अखंड, गोल, वाफाळता चोथा हंड्यातून सावकाश वर उठला, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चालता झाला आणि छताला जाऊन चिकटला. तिथं तो राहिला. कुणी हललं नाही. लुबोरला क्षणभर वाटलं, तो तिथंच राहील, आपण घर विकू.

मग तो पडला. बहुतेक सगळा दलावर.

फाटक वाजलं. मिलादा आणि सासूबाई मावशीकडून परत आल्या होत्या. सासूबाईंनी शिरस्त्राणांवरून ओघळणारा चोथा पाहिला, हंड्याशेजारी उभा असलेला जावई पाहिला.

"काय झालं?"

आम्ब्रोशनं शिरस्त्राण काढलं. त्याच्या कडेला काहीतरी अडकलेलं होतं. ते त्यानं चटकन मुठीत घेतलं. "सराव, ओतीलियाबाई," तो अदबीनं म्हणाला. "जावयांनी जागा दिली. फार मोठ्या मनाचा माणूस."

आणि तेवढ्यात तोटीतून, पंप काढून घेतलेल्या, कुणाचंही लक्ष नसलेल्या तोटीतून, हंड्यात मागे राहिलेला काढा झुळझुळ वाहायला लागला.

पुढचे तीन आठवडे बिअर तळघरात तयार होत होती आणि लुबोर वर, जेवणाच्या टेबलावर, उकळत होता.

कारण पहिल्याच सकाळी सासूबाई मान फिरवत खाली आल्या. डावीकडे, उजवीकडे. "लुबोर, काय झोप लागली! मान अशी मोकळी झालीय. ऊन चांगलं लागलं उशीला."

"हो आई," लुबोर कॉफीत बघत म्हणाला. "ऊन कडक होतं."

"जरा गवताचा वास येतोय."

"ऊन," लुबोर म्हणाला.

रोज मान सुधारत गेली. रोज सासूबाई रुडोल्फांचं नाव काढत. "त्यांचे हात होते हो," त्या म्हणत आणि लुबोर त्यांना न मागता लोणी फासून पाव देई. चोथा खाऊन दोस्तालचे ससे दोन दिवस नुसते झोपले होते, एवढे की दोस्तालनं एकाच्या छातीला कान लावून पाहिला. उशीत झोप आणणाऱ्या सुगंधी लव्हेंडरची शिवलेली थैली असायची, हे लुबोरला तेव्हा आठवलं. ती त्याला कुठेच सापडली नाही. सशांनी खाल्ली असेल, असं तो धरून चालला. मिलादानं एका रात्री दिवा मालवण्याआधी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"तू आईशी इतका चांगला का वागतोयस?"

"म्हणजे एरवी वागत नाही?"

"एरवी माणसासारखा वागतोस," ती म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

समारंभाच्या दिवशी बिअरखान्याच्या अंगणात बाकं मांडली होती. कोलाचे म्हणजे जॅम भरलेले गोड पाव होते, बँड होता, पाद्रीबाबांनी बंबावर पवित्र पाणी शिंपडलं. आम्ब्रोशनं पिंपाला तोटी ठोकली. बिअर सोनेरी, ढगाळ, वर दोन बोटं फेस. गाव प्यायलं. लुबोर एका कडेला, न्यायाधीश परत येण्याची वाट बघणाऱ्या आरोपीसारखा उभा.

"मऊ आहे," बेकरीवाली म्हणाली.

"घरगुती," पाद्रीबाबा म्हणाले. "काहीतरी… कौटुंबिक आहे यात."

सासूबाईंनी अर्धा मग एका दमात संपवला, ओठ पुसले आणि विचारात पडल्या. "ओळखीची लागते," त्या म्हणाल्या आणि दुसरा मग आणायला गेल्या.

लुबोरला वाटलं, आपण इथून थेट ओलोमोउत्सला चालत जावं आणि कचेरीतल्या नकाशांमागे उरलेलं आयुष्य काढावं.

"स्कोपाल!" आम्ब्रोशनं आतून हाक मारली. तो लांब टेबलावर बसला होता, शेजारी दोस्ताल आणि बाकीचे. टेबलावर कपाटातला एक रिकामा मग होता. "ये. बस. तू अजून प्यायला नाहीस."

"मला नको."

"स्वतःची बिअर नको?"

सगळं टेबल त्याच्याकडे बघत होतं. मागे रिकामी खुंटी होती. अकरा वर्षं ज्या बाकावर बसायची स्वप्नं पाहिली, तो बाक समोर होता, आणि लुबोरला तिथं बसवेना. एका म्हातारीच्या नवऱ्याची शेवटची आठवण शिजवून तिलाच पाजायची आणि त्याबद्दल खुंटी घ्यायची, हे कचेरीत कितीही मुरलेल्या माणसाला झेपणारं नव्हतं.

"कमांडर," तो हळूच म्हणाला, "त्या बिअरमध्ये उशी आहे."

कुणी दचकलं नाही. आम्ब्रोशनं खिशात हात घातला आणि टेबलावर एक चपटी, डागाळलेली थैली ठेवली. तिच्यावर निळ्या दोऱ्यानं भरलं होतं: ओतीलिया.

"छतावरून माझ्या शिरस्त्राणावर पडली," तो म्हणाला. "तीन आठवडे सांभाळतोय."

"म्हणजे तुम्हाला…"

"गावाला माहितीये," दोस्ताल म्हणाला. "माझी पेंड कुठे गेली, ते मी शोधणार नाही का? काळ्या दोऱ्यानं उशी शिवतात होय रे गाढवा?"

"आणि तरी तुम्ही पिताय?"

"तासभर उकळलंय ना?" आम्ब्रोश म्हणाला. "पण ओतीलियाबाईंना कळता कामा नये, म्हणून अख्ख्या गावानं तोंड शिवून घेतलंय. तीन आठवडे! लिश्कासारखं गाव! तुला काय सोपं वाटलं ते? बेकरीवाली तर आजारी पडली. तेव्हा आता गप बस आणि पी."

"काय कळता कामा नये?" मागून आवाज आला.

सासूबाई उभ्या होत्या. हातात तिसरा मग. टेबलावरची थैली झाकायला आम्ब्रोशनं पंजा पुढे केला, पण त्या वयाच्या बाईपुढे कमांडरचाही पंजा मुलाचाच असतो. त्यांनी तो बाजूला केला, थैली उचलली, हुंगली.

लुबोर पुढे झाला. "आई, मी…"

"बस खाली. लोक बघतायत." त्यांनी एक घोट घेतला. "रोज सकाळी माझ्या खिडकीखाली हीनेकचा ससा वर मान करून बसलेला असतो. मी म्हातारी आहे लुबोर, बावळट नाही."

"मला माफ करा. त्यांच्या हातची…"

"त्यांच्या हातची." सासूबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. टेबलावरच्या सगळ्यांनी माना पुढे केल्या. "नऊ वर्षं ती टरफलं माझ्या कानात टोचली. रुडोल्फला शिवायला कधी आलंय? पण टाकणार कशी? मेलेल्या माणसानं दिलेली उशी टाकते म्हटल्यावर तुम्हीच नावं ठेवली असती. लाजेखातर झोपले मी तिच्यावर. आणि तुम्ही म्हणता मान कशानं दुखते." त्यांनी मग उजेडात धरला, त्यातला ढग पाहिला. "मेल्याला पिंपाजवळच राहायचं असायचं. पोचला एकदाचा."

कुणी हसलं नाही. मग सासूबाई स्वतःच हसल्या आणि मग टेबल असं हसलं, की बाहेरचा बँड थांबला.

"एक कोपरा दबायला लागलाय," जाता जाता त्या म्हणाल्या. "शुक्रवारपर्यंत थोडी पेंड घाल. विकत आण या वेळी."

आम्ब्रोश बाकावर सरकला. एवढ्या पोटाचा माणूस सरकतो तेव्हा सगळ्या बाकाला सरकावं लागतं. लुबोर बसला. हात लांब करून आम्ब्रोशनं कपाटातला तो मग लुबोरच्या डोक्यावरच्या खुंटीला टांगला, मग आठवण झाल्यासारखा पुन्हा काढला आणि भरून त्याच्यापुढे ठेवला.

"पुढच्या वर्षी माझ्या बायकोची गादी घेऊन जा," तो म्हणाला. "घोड्याच्या केसांची आहे. काळी बिअर होईल."

"कमांडरच्या मेव्हण्याचा सोफा आहे," दुसरा कुणी म्हणाला.

"पाद्रीबाबांची गुडघ्याखालची गिरदी!"

लुबोरचे कान, मान, टक्कल, सगळं लाल झालं होतं. अकरा वर्षांत त्याच्यासमोर कुणी हवामान सोडून काही बोललं नव्हतं; आता सगळे एकदम, एकमेकांवर कडी करत, फक्त त्याच्याबद्दल बोलत होते, आणि हे थांबण्याचं काही लक्षण दिसत नव्हतं. त्यानं मग उचलला. डोळे मिटले. प्यायला.

बिअर चांगली झाली होती. सगळ्यात लाजिरवाणं तेच होतं.